नाही म्हणायची घाई

घोरपडीत, रेल्वे फाटकाच्या अलीकडे,
पत्र्याखाली माझे सात पिंजरे.
नराचं नाव हवालदार. मादी शेवरी,
करडी, डाव्या कानाला चीर.

मादी नराकडे न्यायची, नर मादीकडे नाही;
स्वतःच्या घरात ती त्याला ओरबाडते.
हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं,
हवालदाराच्या नाकाची किंमत देऊन.

मग बघत राहायचं, तोंड फिरवायचं नाही.
सगळं पापणी लवायच्या आत.
तो एकदम आखडतो, बारीक किंचाळतो,
आणि शेवटच्या फेरीला बाकावर पेंगणारा गडी
वळणावर कलंडावा
तसा कुशीवर पडतो.
उठून मागचा पाय आपटतो. धप्.
पडला नाही, तर काही झालं नाही.
पडला, तर कॅलेंडरवर टिंब.
तीस वर्षं कंडक्टर होतो,
टिंबावर आणि भोकावर माझा विश्वास.

बाराव्या दिवशी पोट बघायचं.
हे शिकवलं वानवडीच्या मार्थाबाई साळव्यांनी.
जन्म गेला त्यांचा बाळंतपणाच्या वॉर्डात.
डाव्या हातानं खांद्यावरची कातडी धरायची,
उजवा तळवा पोटाखाली,
अंगठा एकीकडे, बोटं दुसरीकडे,
आणि दाबायचं नाही, विचारायचं.
"लेंड्या कडक लागतात, पाठीकडे, ओळीत.
पिल्लं बोरासारखी, आणि सरकतात."

मला वाटलं, हे तर आपलंच काम.
कातडी पिशवीत न बघता हात घालून
चार आणे कुठले, आठ आणे कुठले
मी स्वारगेट ते हडपसर सांगत आलेलो.

मार्गशीर्षात शेवरीचं पोट बघितलं.
कडक, पाठीकडे, ओळीत.
पुन्हा बघितलं. तेच.
टिंबापुढे पेनानं लिहिलं: रिकामी.

सोळाव्या दिवशी परत हवालदाराकडे नेली.
गुरगुरली, कोपऱ्यात शेपूट दाबून बसली.
मी म्हटलं, थंडी आहे.
खाणं वाढलं. मी म्हटलं, थंडी आहे.
तिसाव्या दिवशी
तोंडात सुक्या गवताची मिशी धरून
पिंजराभर फिरली,
जागा शोधणाऱ्या पॅसेंजरसारखी.
मी म्हटलं, खेळते.

पहाटे पाण्याची बाटली बदलायला गेलो.
छातीचे केस उपटून उपटून
तिनं जाळीवरच अंथरूण केलेलं,
अर्धं भोकांतून खाली गळलेलं.
सहा पिल्लं, बिनकेसांची, करंगळीएवढी.
पाच थंड.
सहावं हललं, की मला वाटलं.
बनियनच्या आत घेतलं, काखेशी,
आणि फाटक पडल्यावर उभं राहावं
तसा उभा राहिलो, दोन गाड्या जाईपर्यंत.
मग ते खरंच हललं.

मार्थाबाई रागावल्या नाहीत.
चहा बशीत ओतत म्हणाल्या,
"'आहे' चुकलं तर काय,
एक खोकं रिकामं राहतं.
'नाही' चुकलं तर..."
आणि चहा प्यायल्या.

आता बोटांना काही लागो न लागो,
अठ्ठाविसाव्या दिवशी खोकं ठेवतो,
आंब्याची पेटी, आत भाताचा पेंढा.
कधी रिकामंच परत निघतं.
एकदा त्यात शेजारची मांजर झोपलेली.
एकदा शेवरीनं सतराव्याच दिवशी केस उपटले,
पोटात काहीच नसताना, कुणासाठी कोण जाणे.
तेही लिहून ठेवलं. पेन्सिलीनं.

सहाव्याचं नाव चिल्लर. मादी निघाली.
परवाच्या परवा हवालदाराचा भाऊबंद
तिच्यापाशी कुशीवर पडला, त्याला झाले अकरा दिवस,
माझे दिवस असे मोजण्यात जातात.
उद्या तिचा बारावा.
बायको म्हणते, असं बोलू नका, अभद्र वाटतं.
बरं. उद्या तिचं पोट बघायचं.
हात आत्तापासून
उबेला ठेवलेत.